वायव्येची टाकी

सेप्टिक टँक उपसणारा कसा निवडावा, याचं शास्त्र आमच्या कॉलनीनं कधीच सिद्ध केलंय. जो सगळ्यात कमी पैसे घेईल आणि सगळ्यात कमी प्रश्न विचारेल, तो. कॉलनी महापालिकेच्या हद्दीत येऊन जमाना झाला. घरपट्टी वेळेवर पोचली, ड्रेनेज लाइन अजून वाटेत आहे. त्यामुळे प्रत्येक बंगल्याच्या पोटात एक टाकी आहे आणि ती भरते, ही गोष्ट चारचौघांत बोलायची नाही असा संकेत आहे.

यंदा गौरी-गणपतीच्या तोंडावर कोपऱ्यावरच्या काकांकडे फ्लश केल्यावर पाणी खाली जाण्याऐवजी वर यायला लागलं. काकांनी दोघांना बोलावलं. पहिला आला तो जाणकार निघाला आणि तिथेच त्याचं गणित फिसकटलं. आल्या आल्या विचारतो, "टाकी कुठाय?"

काकांनी पार्किंगकडे भारदस्त हात केला. पार्किंगमध्ये दोन बाय दोनच्या चकचकीत टाइल्स. झाकण त्यांच्याखाली, असं काकांचं म्हणणं. मुलीच्या लग्नाच्या वेळी 'ते घाण दिसतं' म्हणून बुजवलेलं. नकाशा लॉकरमधून निघाला, पण नकाशातली टाकी पुढच्या अंगणात. बांधकामाच्या वेळी वास्तुतज्ज्ञांनी ती वायव्येला हलवली होती. वायव्य दिशा शुभ असेल, पण ती घराच्या मागे येते आणि तिथवर मैला गाडीचा पाइप पोचेल का, हे कुठल्याही वास्तुशास्त्रात दिलेलं नसतं.

"चेंबर किती? पुढं शोषखड्डा आहे की पाणी गटारात सोडलंय? विहीर, बोअर किती लांब? शेवटची कधी उपसली?"

"घर बांधल्यापासून एकदाही त्रास नाही," काकांनी चारित्र्याच्या दाखल्यासारखं सांगितलं. घर १९९८ चं.

त्या भल्या माणसानं मग समजावलं. मैला पहिल्या कप्प्यात बसतो, जड गाळ खाली, तेलकट तवंग वर आणि मधलं पाणी पुढे. गाळानं तिसरा हिस्सा व्यापला की उपसायची वेळ झाली, साधारण दोन-तीन वर्षांनी. नाही उपसली, तर टाकी तक्रार करत नाही. मैला या तोंडानं आत येतो, त्या तोंडानं तसाच पुढे जातो, शोषखड्डा गच्च होतो आणि मालक म्हणतो, त्रास नाही. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर हवा, हेही त्यानं सांगितलं. काकांनी बोअरकडे पाहिलं नाही. शेजाऱ्यांनी पाहिलं.

खरी ठिणगी पुढे पडली. "टाकी पूर्ण कोरडी करत नाही आम्ही. थोडा गाळ ठेवतो, जिवाणू त्यातच असतात."

"म्हणजे पैसे पूर्ण आणि काम अर्धं?" काका.

"आणि ते अ‍ॅसिड ओतणं बंद करा. जिवाणू मरतात." हे काकूंना लागलं. बाथरूम अ‍ॅसिडनं धुवायचं आणि टाकीत ओतायला ऑनलाइन जिवाणूंची पावडर मागवायची, असा त्यांचा शिरस्ता होता. या घरात जिवाणू दर शनिवारी जन्मत आणि रविवारी मरत.

दुसरा उमेदवार टेम्पोतून आला. प्रश्न एकही नाही. "होऊन जाईल साहेब. पोरगा आत उतरून खरवडून देतो, एकदम लख्ख." काकूंचा चेहरा उजळला. हातानं केलेल्या कामाची सर मशिनला येत नाही, हे मत पुरणाच्या बाबतीत ठीक असेल. पण टाकीच्या बाबतीत त्याची किंमत कोण देतं, ते कॉलनीला ठाऊक नसतं असं नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांसारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला. एक जण आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही वर येत नाही.

आणि मिथेन वेगळाच. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरात आणला होता. सव्वाशे वर्षांनी काका टाकीत वायू आहे का, ते पेटती मेणबत्ती दोरीनं आत सोडून बघणार होते.

जाणकारानं जाता जाता कायदाही काढला. हातानं मैला उपसण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा सांगतो की, सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही टाकीत उतरवायचं नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टाकीत मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. "कायदा महापालिकेला असतो," काका म्हणाले. कायद्यात मात्र 'कोणतीही व्यक्ती' आहे आणि काका व्यक्ती आहेत, निदान मतदार यादीत तरी.

"गाडी रिकामी कुठे करता?" हे कुणी विचारलं नाही. जाणकारानं स्वतःहून प्रक्रिया केंद्राची पावती दाखवली, तर काकांना वाटलं, याचा खर्च आपल्याच बिलात आहे. टेम्पोवाला म्हणाला, "ते आमच्यावर सोडा." सोडलं. त्याची गाडी रात्री ज्या ओढ्याला लागते, त्या ओढ्याच्या पाण्यावर पिकलेली 'सेंद्रिय' मेथी आमच्याच गेटवर रविवारी मिळते. चवीला चांगली असते.

वाई आणि सिन्नरनं हा निवडीचा घोळच ठेवला नाही. तिथे नगरपालिकेनं तीन वर्षांचं वेळापत्रक लावलं, पैसे करातून, गाडी पाळीनं दारात. हे काकांना सांगितलं तर ते हादरले. "म्हणजे न तुंबताच उपसायची? मग कळणार कसं की काम झालं?" १४४२० हा टाकी उपसण्यासाठीचा हेल्पलाइन क्रमांकही त्यांना दिला. त्यांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला, दूधवाल्याच्या हिशेबाखाली.

अखेर टेम्पोवाला ठरला. सातशे रुपये स्वस्त होता. वायव्येला पहार आपटत आपटत झाकण सापडलं, ते वॉशिंग मशिनच्या बुडाखाली. चार टाइल्स गेल्या. तशी डिझाइन आता येत नाही, हे काकूंनी तिथल्या तिथे जाहीर केलं. झाकण सरकलं. पोरगा वाकला, आत पाहिलं, आणि चार पावलं मागं सरकून कडेच्या पायरीवर बसला.

"मी नाय उतरणार. गाडी लावा, पाइपनं ओढा."

गाडीचे दोन हजार वेगळे पडतील, असं टेम्पोवाला म्हणाला. काका आमच्याकडे वळले, "बघा, आजकाल कुणाला काम म्हणून नकोय."