सलामीचं पाणी

आमच्या गावी परवा विमानसेवा सुरू झाली. तिसऱ्यांदा.

विमान टेकलं, अग्निशमनाचे दोन बंब दोन अंगांनी सरसावले आणि विमानावर पाण्याची कमान उभी राहिली. याला म्हणे जलसलामी म्हणतात. आमचं गाव मराठवाड्यातलं, नळाला पाणी आठव्या दिवशी. त्यामुळे कुंपणाला लगडलेल्या गर्दीत विमानाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. शेजारच्या मावशी एवढंच म्हणाल्या, “काय फोर्स आहे हो!”

पहिली सलामी सत्तरेक सीटांच्या विमानाला झाली होती, दुसरी एकोणीस सीटांच्या. विमान आटलं, फवारा नाही आटला.

२०१६ साली उडान योजना आली तेव्हा हिशेब सोपा होता. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीटा २५०० रुपयांत द्यायच्या, त्यातली तूट तीन वर्षं सरकारनं भरून द्यायची, चौथ्या वर्षी कंपनीनं स्वतःच्या पायावर उभं राहायचं. विमान उभं राहतं. उडत नाही, इतकंच.

उडणार कसं? छोट्या कंपनीकडे विमानं दोन-तीन, तीही भाड्याची. उडा नाहीतर बसा, भाडं चालूच. सकाळी एका गावात टायर बसलं की संध्याकाळपर्यंत पुढच्या चार गावांचं वेळापत्रक बसतं. त्यात आमच्या धावपट्टीला उपकरणं नाहीत, म्हणून पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसल्याशिवाय वैमानिकानं उतरायचं नाही. आणि दिवे नाहीत, म्हणून सूर्य मावळला की विमानतळही मावळला. दिव्यांना निधी नाही. मांडवाला आहे, फेट्यांना आहे, कोनशिलेला तर तीनदा होता! गेल्या खेपेला माझं तिकीट होतं. विमान रद्द झाल्याचा मेसेज आला आणि त्याच बॅगेसकट मी ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये वरच्या बर्थवर रात्रभर आदळत मुंबई गाठली. अहो, पहिल्या दिवशी विमानाला आंघोळ घालणाऱ्यांपैकी एकानं तरी शंभराव्या दिवशी येऊन विचारलं का, की आज ते आलं का? नाही विचारलं. शंभराव्या दिवसाला फीत नसते.

चौथं उद्घाटन होईलच. गावकऱ्यांनी कुंपणापाशी वेळेवर जमावं. येताना घागरी आणाव्यात.