चौदा सुतांची गिटार

लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. ही माहिती मी इतक्या तत्परतेने पुरवत आलो आहे की आता आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही ती पाठ झाली असावी. प्रसंग नेहमीचाच. पाहुण्यांची नजर भिंतीवरच्या गिटारकडे जाते (नाही गेली तर मी पंखा कमी करायला म्हणून त्या भिंतीकडे जातो), मी जमेल तितक्या बेफिकिरीने म्हणतो, "घरीच केली," आणि पाहुणे हरखून म्हणतात, "अरे वा! मग होऊन जाऊ दे काहीतरी!" तिथे मी लिओ फेंडर काढतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. शिक्षण हिशेबनिसाचं. आणि या माणसाने १९५० साली भरीव लाकडाची अशी इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली की लोक अजून तिच्या नकला करताहेत. मी बी.कॉम. आहे. पुढचं साम्य पाहुण्यांनी आपलं आपण शोधावं.

वाजवण्यापेक्षा बनवणं बरं, हे मी पूर्ण विचारांती ठरवलेलं आहे. वाजवणारा दर वेळी नव्याने परीक्षेला बसतो. बनवणारा एकदाच बसतो आणि उत्तरपत्रिका भिंतीवर टांगतो.

लाकडाच्या बाबतीत आदर्श होता तो ब्रायन मेचा. 'क्वीन'चा हा गिटारवाला. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, त्यामुळे मंडळी घरचीच म्हणायची. १९६३ साली पोरगेल्या ब्रायनने वडिलांच्या मदतीने गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, त्यातली किडीची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली, पट्टीवरच्या खुणा आईच्या शिंपल्याच्या बटणांच्या आणि स्प्रिंगा मोटारसायकलच्या. पुढे तो खगोलभौतिकीत डॉक्टरेटही झाला, पण तेवढं मी बायकोसमोर सांगत नाही. आमच्याकडे शेकोटी नाही. पडलेल्या वाड्याच्या माजघराच्या दाराची सागवानी फळी तेवढी होती. "अहो, तिचा देव्हारा करणार होतो ना आपण?" एवढंच बायको म्हणाली. बटणांचा विषय मी काढलाच नाही.

फळी वाड्याची असल्यामुळे आवाजाला एक खानदानी भारदस्तपणा आला आहे, असं मी सांगतो. पिकअपला मात्र खानदान कळत नाही. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच त्याचा संसार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत इवलीशी वीज उमटते, आणि ती वाढवली की आपल्याला ऐकू येते. त्याच्यासमोर तुम्ही जीव तोडून भैरवी गा, ते ढिम्म. त्याची ओळख फक्त पोलादाशी. मग लाकडाचा यात वाटा किती, यावरून गिटारवाल्यांची जन्माची वैरं होतात. मी माजघराच्या बाजूने आहे.

फळ्या जोडल्या, कापल्या, कोरल्या आणि तासल्या त्या आमच्या मिस्त्रींनी. 'घरीच केली' हे तरीही शब्दशः खरं आहे, कारण घर माझं आहे. बाल्कनीत ते राऊटर धरत आणि मी डोळ्यांना गॉगल लावून भुसा झाडत असे. नाही म्हणायला एक पडदा मी स्वतः ठोकला, आणि त्याचा फोटो काढून ठेवला.

या पडद्यांच्या जागा हिशेबाने ठरतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारचे लाकडात ठोकलेले, तिथे तडजोड नाही. सप्तकाचे बारा सारखे वाटे पाडायचे, तर तारेच्या उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचं आणि तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा बसवायचा. तार ६४८ मिलिमीटरची धरली तर पहिला पडदा ३६.३७ वर येतो. हे सगळं मी एक्सेलमध्ये, रंगीत रकान्यांसकट छापून नेलं. मिस्त्रींनी कागद हातभर लांब धरला.

"म्हणजे दीड इंचाला अर्धा सूत कमी. रेघ खाऊन कापतो, साहेब."

मी आत जाऊन गुपचूप कॅल्क्युलेटर काढला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड इंचातून अर्धा सूत वजा केला की ३६.५१ मिलिमीटर उरतात. राहिलेला केसभर फरक ती खाल्लेली रेघ भरून काढते. आम्हाला बी.कॉम.ला असलं काही नव्हतं. गिटारच्या धडाची जाडी पावणेदोन इंच असते, हे मी सांगण्याआधीच त्यांनी 'चौदा सूत' असं फळीवर लिहूनही टाकलं होतं.

पहिल्यांदा अ‍ॅम्प्लिफायरला जोडली त्या दिवशी आत्या आली होती. जन्मभर गाणं केलेली बाई. तारेला हात लावायच्या आतच गिटार गुणगुणायला लागली. घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर असलं साधं पिकअप इमानेइतबारे पकडतं. आत्याने डोळे मिटले. "पांढरी पाच. जरा चढी आहे रे." अगदी बरोबर! ५० हर्ट्झ पांढरी पाचच्या थोडंसं वरच पडतं. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या नेमकी मधोमध येते, म्हणजे धड कुठेच नाही. फेंडरसाहेबांनी जे केलं ते इतक्या बेसूर विजेवर केलं, याची कुठेतरी नोंद व्हायला हवी.

मग आत्याने गिटारच्या पोटावर टिचकी मारली. "अरे, ही तर भरीव! हिचा भोपळा कुठंय?"

आता भोपळ्याचा विषय निघालाच आहे तर मिरजेला जाऊन येऊ. आत्याचा तंबोरा मिरजेचा. तिथे ही कला रुजवली फरीदसाहेब शिकलगार यांनी, एकोणिसाव्या शतकात. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारी मंडळी. इंग्रजी अमलात तलवारींचं काम सरलं आणि ते हात वाद्यांकडे वळले. माणसं कापायच्या पात्यांवर फिरलेला हात माणसं रडवायच्या सुरांवर फिरू लागला, हे मला कुठल्याही कारखान्याच्या इतिहासाहून भारी वाटतं. भोपळे येतात मंगळवेढा-पंढरपूरकडून. ते भाजीचे नव्हेत, कडू. ते वाळवायचे, कापायचे, आतून साफ करायचे, मग लाकूडकाम, नक्षी, पॉलिश. आणि हे सगळं झाल्यावर खरं काम सुरू होतं ते जवारीचं. घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला निसटती चाटत राहील. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत जायचा, आणि एका जागी तंबोरा एकदम बोलू लागतो. तिथे टेप नाही, एक्सेल नाही. कानस आणि कान. गिटारवाले जी झिणझिण दोष म्हणून हाकलून लावतात, तिच्यासाठी तंबोरेवाला आयुष्य घालवतो. माझ्या गिटारच्या सातव्या पडद्यावर अशीच एक झिणझिण आहे. मी तिला जवारी म्हणतो. आत्या तिला जे म्हणाली ते छापण्यासारखं नाही.

"आत्या, तुझा तंबोरा केला कुणी?" मी विषय बदलला.

"मिरजेचा आहे."

"हो, पण कुणी?"

आत्याला गुरूंचे गुरू, त्यांचे गुरू, सगळं घराणं तोंडपाठ. कुणाची कुठली बंदिश कुठे बदलली तेही सांगेल. इथे मात्र ती गप्प झाली, आणि तिची गंमत करायला निघालेला मीही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, छानच झालं. पण त्यात नाव गावाचं लागतं. आणि आत्याला कशाला बोलू? माझ्या फोनमध्ये मिस्त्रींचं नाव 'सुतार २' आहे. मी भुसा झाडला तर त्याला छंद म्हणतात, पाहुणे फोटो काढतात. ज्याच्या नजरेत मिलिमीटरचे तुकडे मावतात, त्याला तेच पाहुणे कपाटाच्या कामाला बोलावतात आणि मजुरीवरून घासाघीस करतात. मला गिटार करायची काही गरज नव्हती, म्हणून माझं कौतुक. त्यांचं पोट त्यावर आहे, म्हणून त्यांचं काम 'महाग'. याची चीड येते, आणि ती चीड त्याच गिटारखाली बसून, कौतुक ऐकत ऐकत येते, हे आणखी वाईट.

फेंडरने हा प्रश्न सरळ सोडवला होता. गिटारच्या डोक्यावर त्याने आपलं आडनावच छापलं. मॉडेलचं 'ब्रॉडकास्टर' हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळतं म्हणून तक्रार आली, तेव्हा १९५१ साली त्याने छापील पट्ट्यांवरचं 'ब्रॉडकास्टर' कातरून टाकलं आणि 'फेंडर' तेवढं ठेवलं. 'टेलिकास्टर' हे बारसं मागाहून झालं. वस्तू काही काळ बिननावाची राहिली, करणारा राहिला नाही.

माझ्या गिटारचं डोकंही अजून कोरं होतं. तिथे माझं नाव कुठल्या अक्षरवळणात शोभेल याचे कागदावर बरेच नमुने करून झाले होते. ते बाजूला ठेवले आणि मिस्त्रींना बोलावून, किंचित भारावलेल्या आवाजात (तो भारावलेपणा मी आरशात तपासला होता) म्हटलं, "मिस्त्री, तुमचं पूर्ण नाव सांगा. इथे कोरायचं आहे."

मिस्त्रींनी गिटार खाली घेतली. धडावरून हात फिरवला, जोड नखाने तपासले, मानेवरून अंगठा सावकाश वर नेला आणि मध्येच एका जागी थांबवला.

"नको साहेब."

"अहो, का? काम तुमचं आहे."

"बाकीचं आहे," मिस्त्री म्हणाले. "सातवा पडदा तुम्ही ठोकलाय."