खुर्चीवैमानिक : एका मनुष्यप्रकाराचे वर्णन

खुर्चीवैमानिक हा मनुष्यप्रकार प्रामुख्याने अमेरिका व युरोपातील उपनगरांत, घराच्या तळघरात किंवा मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर रिकाम्या झालेल्या खोलीत आढळतो. त्याचे वय साधारणपणे पंचेचाळीस ते सत्तर असते, डोळ्यांवर दुहेरी भिंगांचा चष्मा असतो, आणि खऱ्या विमानातून प्रवास करण्याची वेळ आलीच तर पायांना मुंग्या येतात म्हणून तो खिडकी सोडून मार्गिकेलगतची जागा मागून घेतो. असे असूनही गेली दोन-अडीच दशके तो आठवड्यातून किमान एक रात्र लढाऊ विमानाचे सारथ्य करीत असतो, कारण त्याच्या संगणकात ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर’ वसलेला असतो. म्हणजे लढाऊ विमानाचे उड्डाण, रडार, शस्त्रे, इंधन आणि शत्रू या सर्वांचे गणित मांडून ते पडद्यावर शक्य तितके हुबेहूब घडवणारी संगणकप्रणाली. या प्रणालीला ‘गेम’ म्हणणाऱ्या पाहुण्याला त्या घरी दुसऱ्यांदा चहा विचारला जात नाही.

या प्रकाराच्या दृष्टीने सुवर्णयुग एकच, आणि ते १९९८च्या सुमारास सुरू झाले. त्या एका वर्षात ‘युरोपियन एअर वॉर’ आला, मायक्रोसॉफ्टचा ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर’ आला, आणि डिसेंबरात मायक्रोप्रोज या कंपनीचा ‘फाल्कन ४.०’ आला. पुढे २००१ मध्ये रशियाहून ‘इल-२ स्टुर्मोविक’ आला, तेव्हा या लोकांत दोन पंथ पडले. प्रस्तुत वर्णन फाल्कनपंथीयाचे आहे, कारण श्रद्धा आणि सोशिकपणा या दोन्ही बाबतींत त्याचा हात कोणी धरू शकत नाही. फाल्कनमध्ये एफ-१६ हे विमान कोरियाच्या द्वीपकल्पावर चालवायचे असते, आणि त्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील ‘डायनॅमिक कँपेन’, अर्थात खेळाडू झोपला असो वा जेवत असो, संगणकाने शेकडो विमाने व रणगाडे हलवीत स्वतःच पुढे चालवलेले युद्ध. सोबत कड्यांच्या जाड फाइलमध्ये बसवलेली सुमारे सहाशे पानांची पुस्तिका येई. ही पुस्तिका शेवटपर्यंत वाचणारा मनुष्य मुळातच वेगळ्या घडणीचा असतो, हे कंपनीच्या वेळीच लक्षात यायला हवे होते. तसे ते आले नाही, प्रणाली दोषांनी भरलेल्या अवस्थेत बाजारात आली, डिसेंबर १९९९ मध्ये ती घडवणारा विभागच बंद झाला, आणि २००० मध्ये तिचा मूळ सांकेतिक मजकूर बाहेर फुटला. मग जगभरच्या हौशी मंडळींनी तो मजकूर हाती घेऊन तिची जी दुरुस्ती आरंभली, ती अजून चालू आहे. सारांश, खुर्चीवैमानिक ज्या विमानावर प्रेम करतो ते गेली पंचवीसहून अधिक वर्षे कारखान्यातच आहे, आणि त्याची या गोष्टीबद्दल काडीमात्र तक्रार नाही.

या मनुष्यप्रकाराचा स्वभाव जर एका प्रसंगात पूर्णपणे उघड होत असेल, तर तो प्रसंग युद्धाचा नसून हार्ड डिस्क निकामी होण्याचा होय. हार्ड डिस्क म्हणजे संगणकाची साठवण. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये एक चकचकीत तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठते, आणि माहिती वाचणारे सूक्ष्म टोक तबकडीला न टेकता, तिच्या फिरण्याने तयार झालेल्या हवेच्या थरावर, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जाते. ही उंची सुटली की टोक तबकडीवर आदळते, माहिती खरवडली जाते आणि पेटीतून ठरावीक अंतराने ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येऊ लागतो. सामान्य मनुष्य हा आवाज ऐकून हळहळतो. खुर्चीवैमानिक मात्र आधी हळहळतो आणि मग पुढचे सहा महिने भेटेल त्याला समजावून सांगतो की, ही घटना तांत्रिकदृष्ट्या अतिशय कमी उंचीवरील उड्डाणात झालेला विमान अपघातच होती. मृत डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्यास ती क्षणभर जिवंत होते, अशी एक समजूत या मंडळींत फार जुनी आहे. त्यामुळे घरातील गोठवलेल्या मटारांशेजारी डिस्क आढळली, तर ती कोणी ठेवली याची चौकशी करावी लागत नाही.

नुकसानीचा हिशेब मांडताना त्याच्या दूरदृष्टीचे विलक्षण स्वरूप दिसते. मुलांची छायाचित्रे, कराची विवरणपत्रे, घराच्या कर्जाची कागदपत्रे हे सर्व त्याने दोन-दोन ठिकाणी जपून ठेवलेले असते, पण फाल्कनच्या फोल्डरची प्रत मात्र घ्यायची राहिलेली असते, कारण ती ‘सर्व मांडणी एकदा नीट बसली की’ घ्यायची असे ठरले होते आणि मांडणी नीट बसल्याचे त्याचे समाधान कधीच झाले नव्हते. गेल्या खेपेस प्रणाली पुन्हा बसवताना कोणती पायरी कोणत्या क्रमाने केली याचे अतिशय तपशीलवार टिपणही त्याने केलेले असते, आणि ते त्याच डिस्कवर असते. वर्षानुवर्षे अर्धवट राहिलेले त्याचे कोरियन युद्धही तिच्याबरोबर जाते. अर्थात खऱ्या कोरियन युद्धातही २७ जुलै १९५३ रोजी केवळ शस्त्रसंधी झाली आणि शांततेचा तह आजतागायत झालेला नाही, तेव्हा या एका बाबतीत त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

यानंतर नव्या संगणकावर पुनःस्थापनेचा विधी सुरू होतो. हौशी मंडळींनी सुधारलेली ‘फाल्कन बीएमएस’ ही आवृत्ती फुकट मिळते, पण ती बसवताना संगणकावर मूळ फाल्कन ४.० आहे की नाही हे तपासले जाते. म्हणजे नव्या घरात प्रवेश मिळण्यासाठी जुन्या घराचा उतारा दाखवावा लागतो. मूळ फाल्कन आता रीतसर विकत घेऊन काही मिनिटांत उतरवून घेता येतो आणि त्याची किंमत एका साध्या जेवणाहून अधिक नसते. पण खुर्चीवैमानिकाकडे १९९८ची स्वतःची चकती असते, आणि ती असताना पुन्हा पैसे मोजणे त्याच्या तत्त्वात बसत नाही. नव्या संगणकाला चकती घालण्याची खाचच नसल्यामुळे तो बाहेरून जोडायचा वाचक मागवतो, जो नव्याने विकत घेतलेल्या खेळापेक्षा महाग पडतो, आणि बचत केल्याच्या समाधानात झोपी जातो. इतर जुन्या चकत्यांचे दैव याहून वाईट असते. त्या काळातील अनेक खेळांवर नक्कल रोखणारे ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप बसवलेले होते, त्या कुलपाचा एक भाग विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून काम करी आणि त्यामुळे सुरक्षेला भगदाड पडे, म्हणून २०१५ मध्ये विंडोज १०ने त्याला दाराबाहेर काढले. तेव्हापासून मालकाकडे खेळ आहे, चकती आहे, पावतीसुद्धा आहे, फक्त खेळ सुरू होत नाही.

या प्रकाराची एक मराठी उपजातही आहे आणि तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. सन २००० उजाडताच संगणकांच्या तारखा चुकतील या भीतीने उसळलेल्या वायटूकेच्या लाटेत जे अभियंते पुण्या-मुंबईहून अमेरिकेत गेले, त्यांच्यापैकी काहींची फाल्कनशी पहिली ओळख मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पेनाने नाव लिहिलेल्या आणि कोणतीही पुस्तिका सोबत नसलेल्या चकतीद्वारे झाली होती. पुढे हातात डॉलर आल्यावर या उपजातीने मूळ प्रत विकत घेतली, आणि ती वापरण्यापेक्षा काचेच्या कपाटात ठेवण्याकडे तिचा कल राहिला. सहा महिन्यांसाठी आलेली आई, वीस-बावीस तासांचा विमानप्रवास करून पाय सुजलेल्या अवस्थेत, आपला चिरंजीव स्वेच्छेने पुन्हा विमानात बसलेला पाहते, काही बोलत नाही, आणि पोह्यांची बशी मेजावरील एकमेव सपाट जागी, म्हणजे थ्रॉटलच्या मार्गात, ठेवते.

थ्रॉटल म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा, आणि येथूनच पुनःस्थापनेचा खरा कठीण भाग सुरू होतो. एफ-१६चे दोन्ही दांडे अशा रीतीने घडवलेले आहेत की त्यांवरून हात न उचलता वैमानिकाला रडार, क्षेपणास्त्र, रेडिओ सर्व काही चालवता यावे. या रचनेला ‘होटास’ म्हणतात, आणि तिची घरगुती प्रतिकृती विकत घेण्यासाठी खुर्चीवैमानिकाने कधीकाळी स्वयंपाकघराचे नूतनीकरण एक वर्ष पुढे ढकललेले असते. आता कोणती कळ दाबली असता कोणती क्रिया व्हावी हे संगणकाला एकेक करून सांगावे लागते, आणि अशा जोडण्या शंभराच्या पुढे सहज जातात. मृत डिस्कबरोबर गेलेली खरी संपत्ती हीच. त्याला विचारले की उजव्या अंगठ्याखालच्या चौमुखी कळीचा खालचा झटका कशासाठी होता, तर तो गोंधळून पाहतो. पण तोच दांडा मुठीत धरून, डोळे मिटून, डाव्या मागून शत्रू येत असल्याची कल्पना करायला सांगितले की अंगठा आपणहून योग्य दिशेला सरकतो. मग तो डोळे उघडतो, अंगठा कुठे गेला ते पाहतो आणि कागदावर लिहून घेतो. स्वतःच्याच हाताची अशी उलटतपासणी घेत बसलेला प्रौढ गृहस्थ हे दृश्य हास्यास्पद आहे यात शंका नाही, परंतु त्या हातात जे ज्ञान मुरलेले आहे ते सहाशे पानांच्या पुस्तिकेतही नाही, हेही मान्य केले पाहिजे.

एवढे करूनही विंडोज एक खोडी काढतेच. नव्या संगणकात उपकरणांची नोंद नव्या क्रमाने होते, त्यामुळे प्रणाली थ्रॉटलला पायांनी चालवायचे सुकाणू समजते आणि सुकाणूला थ्रॉटल. पहिल्या उड्डाणात वेग वाढवावा म्हणून दांडा पुढे सारला की विमान धावपट्टीवरून निमूटपणे गवतात वळते. या पहिल्या उड्डाणात शत्रूशी गाठ पडल्याचे उदाहरण फार क्वचित सापडते.

येथे निरीक्षकाला असा प्रश्न पडतो की इतके हाल सोसण्यामागे लढाईची आवड कितपत असावी. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ती फारच थोडी असावी. खुर्चीवैमानिक हा वृत्तीने योद्धा नसून उत्तम कारकून असतो. त्याला गोळीबारापेक्षा क्रम प्रिय असतो. कोरियातील कुनसानच्या हवाई तळावर विमान थंड अवस्थेतून सुरू करण्याची जी पायऱ्यांची मालिका आहे, ज्यात आधी विद्युतपुरवठा चालू करायचा, मग छोट्या प्रारंभक इंजिनाने मोठ्या इंजिनाला गती द्यायची, फेऱ्या वीस टक्क्यांवर आल्या की थ्रॉटल पुढे घ्यायचा, आणि दिशादर्शक यंत्रणेला आपण नेमके कुठे उभे आहोत हे उमगावे म्हणून सुमारे आठ मिनिटे काहीही न करता थांबायचे, ती मालिका तो एकही पायरी न गाळता पार पाडतो. ही आठ मिनिटे वगळण्याची सोय प्रणालीत आहे. ती वापरणाऱ्यांविषयी तो जे बोलतो, ते सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आजीने हॉटेलच्या जेवणाविषयी काढलेल्या उद्गारांच्या जवळपास जाणारे असते. ज्या माणसाला क्रम इतका प्रिय आहे, त्याला प्रणाली पुन्हा बसवावी लागणे हे संकट म्हणावे की पर्वणी, याचा निर्णय त्याच्या पत्नीने कधीच केलेला असतो. आठवडाभर तळघरातून शीळ ऐकू येत असते, आणि शीळ ही तो दुःखात वाजवत नाही.

पण एक दुःख खरेच उरते. फाल्कनमध्ये प्रत्येक वैमानिकाची नोंदवही असते, तीत उड्डाणांचे तास, पाडलेली विमाने, पदके आणि हुद्दा यांची नोंद होते, आणि नोंदवही गेली की मनुष्य पुन्हा सेकंड लेफ्टनंट होतो, म्हणजे अधिकाऱ्यांच्या उतरंडीतील सर्वांत खालची पायरी. प्रणाली त्याचे नावसुद्धा विसरलेली असते आणि त्याला ‘जो पायलट’ या ठोकळेबाज नावाने हाक मारते. कर्नलपदाला पोहोचलेल्या, खऱ्या आयुष्यात निवृत्तिवेतनाचे अर्ज भरू लागलेल्या गृहस्थाला हे लागते. हा हुद्दा तो ज्या ‘व्हर्च्युअल स्क्वाड्रन’मध्ये मिरवतो, म्हणजे वेगवेगळ्या देशांतून इंटरनेटद्वारे एकत्र उडणाऱ्या हौशी वैमानिकांच्या दलात, तिथे एखादा दंतवैद्य कमांडर असतो, एकोणीस वर्षांचा विद्यार्थी तुकडीप्रमुख असतो आणि सर्वजण एकमेकांशी अत्यंत गंभीरपणे वागतात. खऱ्या वैमानिकांप्रमाणे रेडिओवर मोजके, ठरीव शब्दच बोलावेत असा या दलांचा दंडक असतो, आणि तो खुर्चीवैमानिकाइतका कोणीच मोडत नाही. शत्रूचे विमान वीस मैलांवर आले असता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख, पायांनी चालवायच्या सुकाणूची वाढलेली किंमत आणि १९९८च्या पुस्तिकेतील तळटीप असे सर्व काही तो त्याच वाहिनीवर सांगत राहतो.

पुनःस्थापनेनंतरच्या पहिल्या शनिवारी तो दलात पुन्हा रुजू होतो. थ्रॉटल थ्रॉटलसारखा चालतो, दिशादर्शक यंत्रणा आठ मिनिटे घेऊन आपली जागा ओळखते, विमान गवतात न जाता आकाशात जाते. मात्र शंभर जोडण्यांच्या गडबडीत बोलण्यासाठी कोणता मायक्रोफोन वापरायचा ही एक निवड राहून गेलेली असते, आणि प्रणाली त्याऐवजी कपाटात ठेवलेल्या जुन्या कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनवर कान देऊन असते. त्याला सर्वांचे बोलणे ऐकू येते, त्याचे कोणालाही येत नाही. दीड तासाच्या त्या मोहिमेत तो प्रत्येक आज्ञेला पंख हलवून होकार देतो, ठरलेल्या जागी राहतो, ठरलेल्या वेळी वळतो आणि चारही विमाने सुखरूप परततात. उड्डाणानंतरच्या लेखी अहवालात एकोणीस वर्षांचा तुकडीप्रमुख त्याच्या नावापुढे रेडिओवरील शिस्त अनुकरणीय असल्याचा शेरा मारतो, आणि सेकंड लेफ्टनंटच्या यंत्रणेत आता कोणताही बदल करू नये, असे तुकडीतील इतर तिघांचे एकमताने ठरते.