महाविद्यालयीन निवडणूकबाईंस, स. न. वि. वि.

प्रति,
श्रीमती महाविद्यालयीन निवडणूकबाई,
मु. पो. कलम 99, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016

आपण येत नाही, याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरात राहणारी, वेगवेगळ्या कॉलेजांत शिकणारी मुले-मुली. आमची अर्धी हजेरी रोज सकाळी बोगद्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकते आणि उरलेली अर्धी महिन्याअखेरीस डिफॉल्टर लिस्टमध्ये सापडते. मग जर्नल, सबमिशन, इनसेम, एंडसेम. त्यात आपण आला असता, तर आम्ही प्रचार कधी केला असता? आपण आमची ओढाताण ओळखलीत. फार समजूतदार आहात.

आपल्या काळात कॉलेजात म्हणे जीएस म्हणजे सरचिटणीस असायचा, एलआर म्हणजे मुलींची प्रतिनिधी असायची, भिंती पोस्टरांनी भरायच्या. हे आम्ही फक्त काकालोकांकडून ऐकतो. पुढे मारामाऱ्या वाढल्या, पैसा आला, पक्ष आले. 1989 साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला. त्यावर थट्टा करण्यासारखे काही नाही. पण ज्या वर्षी हे घडले, त्याच वर्षी देशाने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणले होते. म्हणजे पंतप्रधान निवडायला आम्ही शहाणे ठरलो आणि पाचच वर्षांत, 1994 च्या विद्यापीठ कायद्याने, वर्गाचा प्रतिनिधी निवडायला नालायक ठरलो.

त्या कायद्याने सोय मात्र झकास लावली. आदल्या वर्षीच्या परीक्षेत जो हुशार ठरला, त्याला प्राचार्यांनी वर्गाचा प्रतिनिधी नेमायचे. गणितात पहिला आला म्हणून एखाद्याला क्रिकेटचा कॅप्टन करावे, तसे हे. बिचारा टॉपर! त्याला परीक्षेआधीच्या सुट्टीत वाचायचे असते आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे पंख्याची तक्रार घेऊन जायचे.

आता आमच्याकडे हा वर्गप्रतिनिधी, म्हणजे सीआर, नेमण्याची पद्धत आणखी सुटसुटीत आहे. सर विचारतात, ‘कोण होतंय सीआर?’ सगळे माना खाली घालतात. ज्याची मान उशिरा खाली जाते, तो सीआर. त्याचे अधिकार असे: व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकणे, खडू आणणे, ‘आज लेक्चर होणार का?’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असे उत्तर देणे. पेपरच्या फोटोकॉपीला आणि रीव्हॅलला पैसे किती, निकाल कधी, मुलींच्या कॉमन रूमला कुलूप का, यातले काही विचारायचे त्याच्या मनातही येत नाही. कारण विचारायचे कोणाला? ज्यांच्या हातात टर्मवर्कचे मार्क आहेत, त्यांनाच. एकट्याने तोंड उघडले की ओरलला ते तोंड लक्षात राहते. वर्गाने निवडून दिलेला प्रतिनिधी बोलला, तर निदान त्याच्यामागे वर्ग उभा आहे, हे तरी दिसते. पण असो. आपल्याला कशाला दगदग?

2016 च्या कायद्याने आपल्याला पुन्हा मानाने बोलावले. थेट मतदान, अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, सगळे लिहून ठेवले. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला अधिसभेत खुर्चीही दिली. 2019 मध्ये आपण येणार म्हणून घोषणा झाली. तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली आणि लहान बहिणीने थोरलीसाठी वाट सोडावी, तशी आपण सोडलीत. मग कोरोना आला. कोरोना गेला, लोकसभा झाली, पुन्हा विधानसभा झाली. त्या साऱ्याजणी वेळेवर येऊन गेल्या. आपल्याला मात्र अजून मुहूर्त सापडत नाही.

आपल्याला उमेदवार मिळणेही तसे कठीणच. विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या नियमांनी 2006 मध्येच ठरवून टाकले आहे: हजेरी किमान 75 टक्के, बॅक एकही नाही, पदवीच्या मुलाचे वय 22 च्या आत, खर्च 5000 रुपयांच्या आत. ही चाळणी आमदारकीला लावली तर सभागृहात किती जण उरतील, हा हिशेब आम्ही करत नाही. सिलॅबसमध्ये नाही.

शिवाय निवडणुकीवाचून राहण्याची आम्हाला घरूनच सवय होती. नाशिक महापालिकेत 2017 साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि 2026 चा जानेवारी उजाडेपर्यंत कारभार प्रशासकांकडे राहिला. बारावीतून थेट फायनल इयरला पोहोचेपर्यंत आम्हाला ना कॉलेजात निवडलेला माणूस दिसला, ना वॉर्डात. जॉगिंग ट्रॅकवरचा दिवा गेला तर कोणाच्या दारात जायचे, हा प्रश्न आमच्या पिढीने ऑप्शनला टाकला. आता नगरसेवक आले आहेत. आमच्या सोसायट्यांत तर ज्या चेअरमनपदाला कोणी तयार नसते, त्याचीही रीतसर निवड होते. राहिलो फक्त आम्ही.

आपण आलात तर राजकारण आत येईल, अशी वडीलधाऱ्यांना धास्ती वाटते. म्हणजे सध्या ते बाहेर आहे, असे ते धरून चालतात. दहीहंडीचा फलक, शिवजयंतीची मिरवणूक, ‘दादांच्या’ वाढदिवसाचे बॅनर, यांवर आमच्याच वर्गातली मुले ओळीने हसत उभी असतात. भाषण, वाटाघाट, हार पचवणे हे कॉलेजात शिकायला मिळाले नाही, म्हणून त्यांनी बाहेरचा क्लास लावला. तिथे अभ्यासक्रम एकच आहे: सतरंज्या उचलणे. आणि हाणामाऱ्या तर ग्रामपंचायतीलाही होतात. म्हणून कोणी सरपंच गुणपत्रिका पाहून नेमत नाही.

शेवटी एक शंका, रागावू नका. पदवी हातात पडली की आमचा भाव एकदम वधारतो. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधर 10 सदस्य निवडून पाठवतात. पदवीला तीन वर्षे झाली की विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघातही मत मिळते. पाच जिल्ह्यांचे उमेदवार फॉर्म घेऊन दारात येतात. विद्यापीठ कसे चालावे, हे सांगायचा हक्क आम्हाला मिळतो, पण त्यातून बाहेर पडल्यावर. त्याचे पंखे, पेपर आणि निकाल भोगत असताना मिळत नाही.

तेव्हा आपण निवांत राहा. फक्त एवढे कळवा: बाहेर पडताच आम्ही इतके सुज्ञ मतदार होतो, ते आतल्या कोणत्या सेमिस्टरला शिकवले जाते? त्या विषयाला आम्ही सगळे गैरहजर होतो.

आपले,
इंदिरानगरातले काही भावी पदवीधर

ता. क. उत्तर द्याल तर आम्हाला थेट द्या. सीआरकडे देऊ नका. तो आम्ही निवडलेला नाही.