हद्दकायम

आमच्या सोसायटीत मोजणीकाकांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर आहे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागले, चौतीस वर्षं लोकांच्या बांधांवर उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आणि निवृत्त झाल्यावर धानोरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जमिनीशी संबंध संपला, पण मोजणीची खोड जाईना. त्यात डोक्यावरून दिवसभर लोहगावची विमानं. सुखोई गेलं की आमची तावदानं थरथरतात, टीव्हीतल्या सासूचा टोमणा बुडतो, गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात. काका तेवढ्यात बाल्कनीत येतात, कपाळाला हात लावतात आणि विमान गेलं त्या दिशेला असं बघतात, की जणू त्याने मोजणीचा अर्ज केलाय पण फी भरलेली नाही.

जमीन संपली, म्हणून माणूस आभाळाला लागला.

याची सुरुवात २०१९ची. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारीला पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं आणि काकांची लेक नेमकी त्याच सुमारास शिकागोहून यायची होती. दिल्लीचं विमान लांबच्या वळशाने येणार, तास वाढणार, असं कळल्यावर काकूंनी देव पाण्यात ठेवले आणि काकांनी मोबाइलवर विमानं दाखवणारं अ‍ॅप घेतलं. लेक सुखरूप आली, महिनाभर राहिली, लोणच्याच्या बरण्या घेऊन परत गेली. अ‍ॅप मात्र राहिलं. पाकिस्तानने १६ जुलैला आकाश उघडलं, तोवर काकांचं पहिलं फील्डबुक भरलं होतं.

हो, फील्डबुक. लाल पुठ्ठ्याचं, खात्यातलंच उरलेलं. डावीकडे तारीख, उजवीकडे कच्चा नकाशा, खाली शेरा. एका पानावर मी वाचलं : ‘अकरा फाटके. सर्व बंद. कारण : भाऊबंदकी.’ भारत-पाकिस्तानच्या सीमेवर विमानांना आत शिरायची अकरा ठिकाणं आहेत, ती ही फाटकं.

काकांच्या मते जगात भांडणं दोनच प्रकारची, बांधाची आणि वाटेची. तिसरं निघालंच तर ते विहिरीचं. वर्तमानपत्रातली आंतरराष्ट्रीय पानं ते याच चष्म्यातून वाचतात आणि वाईट म्हणजे, त्यांचं ऐकल्यावर आपल्याला दुसऱ्या चष्म्यातून दिसेनासं होतं.

“चीन काय करतोय तैवानशी? बांध कोरतोय,” ते एकदा लिफ्टमध्ये म्हणाले. लिफ्टमध्ये भाजीची पिशवी घेतलेल्या जोशीकाकू आणि मी, दोघंच होतो. “सामुद्रधुनीच्या मधोमध एक रेघ. डेव्हिस नावाच्या अमेरिकन सेनाधिकाऱ्याने १९५०च्या दशकात मारलेली. दगड नाही, खूण नाही, पण दोघं पाळत होते. मग २०२०मध्ये चीन म्हणाला, अशी रेघच नाही. आणि २०२२च्या ऑगस्टपासून विमानं सर्रास पलीकडे. अरे, बांध आहेच कुठे, असं जो विचारतो ना, त्याचा नांगर आधीच दोन तासं आत गेलेला असतो!”

जोशीकाकू दुसऱ्या मजल्यावर उतरल्या. त्यांचं घर पाचव्यावर आहे.

‘एडिझ’ नावाचा एक प्रकार असतो. स्वतःच्या हद्दीबाहेरही लांबवर देश एक पट्टा आखतात आणि त्यात येणाऱ्या विमानाने ओळख द्यावी, असं सांगतात. मला हे चार लेख वाचून कळलं नव्हतं, ते काकांनी चहा गार व्हायच्या आत समजावलं. “ही राखण. शेत आपलं चार एकर, पण राखणदार शेजारच्या गायरानावर बॅटरी मारून ‘कोण रे तिकडं?’ विचारतो. विचारायला हरकत नाही. पण विचारलं म्हणून गायरान त्याच्या नावावर चढत नाही. चीनने २०१३च्या नोव्हेंबरात पूर्व चीन समुद्रावर अशीच राखण बसवली, जपानच्या ताब्यातल्या बेटांवरसुद्धा. तीन दिवसांत अमेरिकेने काय केलं? दोन बी-५२ घातली आत, न विचारता. गुरं घालून बघितली! राखणदार नुसता बघत राहिला.”

हद्द म्हटली की काका मीटरमध्ये बोलत नाहीत. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, तिथवर देशाचं आकाश. हे त्यांनी साखळीत काढून ठेवलंय. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांची. “दोन हजार दोनशे नऊ साखळ्या, आठ आणे,” असं ते म्हणतात तेव्हा त्या आठ आण्यांवर जरा जास्तच जोर असतो. भारत-पाकिस्तानचा १९९१चा करार आहे, की लढाऊ विमानांनी एकमेकांच्या हद्दीपासून दहा किलोमीटर लांब राहायचं. तेही काढलंय : नऊशे चौऱ्याण्णव साखळ्या, तीन आणे. ह्या तीन आण्यांपायी युद्ध होईल का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. तीन आण्यांपायी झालेल्या माऱ्यामाऱ्यांचे पंचनामे त्यांनी स्वतः पाहिलेत.

सगळ्यात लाडकी गोष्ट तुर्कस्तानची. २०१५च्या नोव्हेंबरात रशियाचं एक सुखोई तुर्कस्तानने पाडलं. तुर्कस्तानच्या म्हणण्याप्रमाणे ते त्यांच्या हद्दीत सतरा सेकंद होतं. रशियाच्या म्हणण्याप्रमाणे नव्हतंच. “सतरा सेकंद!” काका टेबलावर हात आपटतात. “आमच्याकडे माणूस सतरा वर्षं बांध कोरतो, मग दुसरा अर्ज करतो, मग आम्ही जातो, मग तो म्हणतो साहेब आज अमावास्या आहे.” २०२५च्या सप्टेंबरात रशियाची तीन मिग एस्टोनियाच्या आकाशात बारा मिनिटं होती, असं एस्टोनियाने सांगितलं. फील्डबुकातला शेरा : ‘१२ मि. अतिक्रमण. रशिया : अमान्य. पंच : गैरहजर.’

हे सगळं काका जोरात बोलतात, कारण सुखोईच्या आवाजावर बोलायची इथे सगळ्यांनाच सवय आहे. त्यामुळे एकदा घोटाळा झाला. आकाशाचे कामकाजासाठी जे मोठे तुकडे पाडलेत, ज्यांची वाहतूक एकेका देशाने सांभाळायची असते, त्यांना एफआयआर म्हणतात. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. पलीकडे कराची आणि लाहोर. काका फोनवर लेकीला सांगत होते, “तुझं विमान कराचीच्या एफआयआरमध्ये आलं नाही, काळजी नको.” खाली वॉचमनने तेवढंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत काकांच्या मुलीचं नाव कराचीच्या एफआयआरमध्ये येता येता वाचलं, ही बातमी ‘सी’ विंगपर्यंत गेली आणि सेक्रेटरी हळूच वकिलाचा नंबर देऊन गेले.

पण काकांना नुसता विनोदी म्हणून सोडता येत नाही. एक प्रकरण ते ज्या पद्धतीने सांगतात, तसं मी कुठे वाचलेलं नाही.

“हा २०२५चा दावा नाही, जुना आहे,” ते सुरू करतात. “पहिला फेरफार १९५२चा. आपली विमानं काबूलला जायची, पाकिस्तानने मधला पट्टा बंद केला. आपण मॉन्ट्रियलला विमान वाहतुकीच्या कौन्सिलकडे तक्रार केली. पुढच्या वर्षी तडजोड, वाट मिळाली. दुसरा फेरफार १९७१चा. जानेवारीअखेर आपलं ‘गंगा’ नावाचं फोकर विमान पळवून लाहोरला नेलं आणि तिथे जाळलं. आपण पाकिस्तानच्या विमानांना आपल्यावरून जायला बंदी केली. आता त्यांचं घर दोन ठिकाणी, एक कराचीकडे, एक ढाक्याकडे, आणि मधे आपलं शेत. ढाक्याला जायचं तर पार सिलोनला वळसा. ते गेले कौन्सिलकडे. आपण म्हटलं, कौन्सिलला हे चालवायचा अधिकारच नाही. त्यावर अपील हेगच्या कोर्टात.”

इथे ते थांबतात, चष्मा पुसतात. चौतीस वर्षं तारखा पडताना पाहिलेल्या माणसाचं ते पुसणं असतं, घाई नसते.

“निकाल लागला ऑगस्ट १९७२ला. कौन्सिलला अधिकार आहे! आणि तोवर काय झालेलं? ज्या शेताकडे जायला वाट मागितली, ते शेतच बांगलादेशच्या नावावर चढलेलं.”

ते हसतात, पण फार नाही.

२०२५चा एप्रिल आला तेव्हा काका पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखे झाले. पहलगामचा हल्ला २२ तारखेला. २४ तारखेला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, ३० तारखेला भारताने त्यांच्या विमानांना. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमानं मस्कतवरून वळसा घालून तेलासाठी युरोपात उतरायला लागली. ताश्कंद आणि अल्माटीला जाणारी काही उड्डाणं तर थांबलीच, तेवढा वळसा त्या विमानांना झेपेना. “शिकागोतच १९४४ साली करार झाला,” काका म्हणाले, “की ज्याची जमीन त्याचं वरचं आकाश, पूर्ण आणि एकट्याचं. आणि आता शिकागोचंच विमान मधे टाकी भरायला उतरतंय. आपल्या महसूल अधिनियमात कलम १४३ आहे, वाट नसेल तर तहसीलदार बांधावरून वाट देतो. आभाळाचा तहसीलदार दाखव मला!”

नुकसान कोणाचं, हा त्यांच्या आवडीचा हिशेब. २०१९ला एअर इंडियाचं २ जुलैपर्यंत ४९१ कोटी गेल्याचं राज्यसभेत सांगितलं गेलं. २०२५ला पाकिस्तानच्या संसदेत आकडा आला : दोन-सव्वादोन महिन्यांत ४१० कोटी, त्यांच्या रुपयांत. कारण वरून जाणारं विमान वाटेचे पैसे देतं, ते बंद. “वाट अडवणाराही बुडतो, वळसा घालणाराही. फायदा डिझेलवाल्याचा.”

“सांगा की त्याला, आपण गावी कुठून जातो ते,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांचे हात कोहळ्याच्या किसात होते.

काकांनी फील्डबुक मिटलं.

तर गावी काकांच्या चुलतभावाने त्यांच्या शेताकडे जाणारी गाडीवाट नांगरून टाकली आहे. काकांनी त्यावर त्याची पाइपलाइन आपल्या बांधावरून न्यायला मनाई केली. आता काका ओढ्याला वळसा घालून दोन किलोमीटर चालत शेतात जातात आणि चुलतभाऊ पाणी ट्रॅक्टरने आणतो. “आम्हीसुद्धा मस्कतवरूनच जातो हो,” काकू म्हणाल्या. मी विचारलं, काका, तुम्ही स्वतः मोजणी का करून घेत नाही? “मी पहिल्यांदा अडवली नाही,” काका म्हणाले. “त्याने अडवल्यावर सहा दिवसांनी अडवली. प्रत्युत्तर म्हणून.”

तो कोहळ्याचा किस पुढे सांडग्यांसाठी गेला आणि तिथून काकांची सोसायटीतली सगळ्यात मोठी नाचक्की झाली. सांडगे गच्चीत वाळत घालायचे होते, आणि गच्चीवर पोरं क्रिकेट खेळतात. विमानांना आकाश बंद असल्याची जी सूचना निघते तिला नोटाम म्हणतात. ती सगळी मोठ्या अक्षरांत, आखूड वाक्यांची असते आणि तिच्यात वेळ ग्रीनिचची, आपल्याहून साडेपाच तास मागची. काकांनी लिफ्टमध्ये तसाच कागद चिकटवला : ‘बी विंग गच्ची. जमिनीपासून अमर्याद उंचीपर्यंत बंद. ०३३० ते ११३० यूटीसी. कारण : सांडगे.’

खरी वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पण पोरांनी वाचलं, पहाटे साडेतीन ते सकाळी साडेअकरा. पावणेबाराला ती बॅट घेऊन अगदी नियमाने वर गेली. पहिलाच षटकार ताटात. काकू खालून ओरडत गेल्या, काका मागून कागद घेऊन. सहावीतल्या एका पोराने शांतपणे विचारलं, “आजोबा, यूटीसी म्हणजे काय?” मॉस्कोच्या लाल चौकाशेजारी १९८७ साली एक अठरा वर्षांचा जर्मन पोरगा छोटं सेस्ना विमान घेऊन उतरला होता, तेही सीमारक्षकांच्या सणादिवशी, त्यानंतर इतकी सरळ ओलांडलेली हद्द काकांनी पाहिली नव्हती. त्यांनी कागद काढून घेतला. सांडगे काकूंनी चाळून घेतले. चव बरी लागली, असं म्हणावं लागलं.

ही आकाशबंदी दोन्ही देश महिन्या-महिन्याने वाढवत राहिले. मुदत संपते ती २३ तारखेला रात्री २३५९ला, ग्रीनिचच्या घड्याळाने. म्हणजे आपल्याकडे २४ची पहाट, पाच वाजून एकोणतीस मिनिटं. वाढल्याचं पत्रक आदल्या दिवसांतच निघालेलं असतं, काकांनी वाचलेलंही असतं. तरी ते त्या मिनिटाला उठून बाल्कनीत बसतात. मोजणीला हजर राहावं लागतं, म्हणतात.

परवा मी फिरायला निघालो तर दिवा दिसला, म्हणून वर गेलो. मोबाइलवर नकाशा उघडा, पिवळी विमानं अरबी समुद्रावरून मुंग्यांसारखी रांगेत वळत होती. मधली जागा मोकळी.

“वाढली,” ते म्हणाले आणि शेरा लिहिला. मग जरा वेळाने, “रविवारी तुझी गाडी मोकळी आहे का? गावाहून ज्वारी आणायचीय. ओढ्यापर्यंतच सोड.”

“ओढ्यापासून पोतं डोक्यावर आणणार?”

“नाही, तो आणून देतो तिथवर.”

“कोण?”

“चुलतभाऊ. दुसरं कोण? त्याच्या ट्रॅक्टरवर घालून आणतो.” काकांनी पेनाचं टोपण लावलं. “ओढा सरकारी आहे. बारा मैलांच्या पलीकडचा समुद्रच की तो. तिथे बसून आम्ही भाकरी पण खातो. साखर घालू का चहात, की तुझं अजून बंद आहे?”