पडदा भरला पाहिजे

आमच्या साडूंच्या चिरंजीवांनी परवा ‘सांगत्ये ऐका’ला पाचपैकी दोन गुण दिले. १९५९ सालचा सिनेमा, पुण्यात एकाच थिएटरात १३१ आठवडे चालला, आणि त्याचा निकाल साडूंच्या हॉलमध्ये पोहे गार व्हायच्या आत लागला. ‘होल्ड अप करत नाही, काका.’ का नाही करत, असं विचारलं तर म्हणाले, ‘डान्स फारच स्टॅटिक आहे. बाई नुसती कमरेत हलते.’

मी टीव्हीकडे बघितलं. लावणी ऐन रंगात होती. घुंगरांचा आवाज येत होता आणि पाय नव्हते.

म्हणजे बाईंना असणारच, टीव्हीवर नव्हते. पोटऱ्यांपाशी चित्र संपत होतं आणि तिथून साडूंचं शोकेस सुरू होत होतं. बाईंनी पायात किलो-किलोचे चाळ बांधलेत, ढोलकीवाल्याची नजर त्यांच्या पावलांवर आहे, कॅमेरावाल्याने दिवे लावून, अंतर मोजून ती पावलं चौकटीत बसवलीत. आणि ती नेमकी जिथे पडतात तिथे आता पितळी घोडा आणि ‘आदर्श सोसायटी सभासद’ची ढाल आहे.

साडूंनी दिवाळीत पंचावन्न इंची टीव्ही घेतला, तेव्हापासून त्यांचं एकच तत्त्व: पडदा भरला पाहिजे. त्या काळच्या सिनेमाचं चित्र चौकोनाकडे झुकलेलं, उंची १ तर रुंदी १.३७. आजचा टीव्ही १.७८. सिनेमा आहे तसा लावला तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात, आणि त्या साडूंना सोसत नाहीत. ‘पंचावन्न इंचांचे पैसे मोजलेत ते काय पट्ट्या बघायला?’ मग झूम. चित्र फुगतं, दोन्ही कडांना टेकतं आणि वर-खाली मावत नाही ते जातं. कुठे जातं, हे साडूंनी कधी विचारलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप खिशात घालून गेलो. टीव्ही १२२ सेंटीमीटर रुंद, साडेअडुसष्ट उंच. सिनेमा सरळ लावला तर काळी पट्टी येते दर बाजूला चौदा सेंटीमीटर. ती घालवण्यासाठी चित्राची उंची कापली जाते ती वीसच्या वर: दहा डोक्याकडून, दहा पायाकडून. वीतभर सिनेमा! शंभरातले तेवीस भाग. म्हणजे चिरंजीवांनी तीन चतुर्थांश सिनेमा बघून पाचपैकी दोन दिले होते.

वरचे दहा सेंटीमीटर काय करतात म्हणाल तर त्याच सिनेमात बुगडी हरवल्याची प्रसिद्ध तक्रार आहे. बुगडी कानाच्या वरच्या पाळीत असते. गेली साठ-पासष्ट वर्षं अख्खा महाराष्ट्र ती सातारच्या वाटेवर शोधतोय. मला विचाराल तर ती साडूंच्या टीव्हीच्या वरच्या कडेमागे आहे. ‘संत तुकाराम’ या टीव्हीवर लावला तर आणखी कठीण. १९३६चा सिनेमा, पुढच्या साली व्हेनिसला त्याचा गौरव झाला. शेवटी विमान वर वर जातं आणि लोक खालून बघत राहतात. इथे आकाशच दहा सेंटीमीटर कमी असल्यामुळे तुकोबा वैकुंठाला ठरल्या वेळेच्या आधी पोचणार. चिरंजीव म्हणणार, शेवट घाईत उरकलाय. ‘श्यामची आई’ लावायचं धाडस मी केलेलं नाही. तळव्यांना घाण लागू नये म्हणून जसा जपतोस तसं मनाला जप, असं आई सांगायची आणि चिरंजीव विचारायचे, कुठले तळवे?

गंमत अशी की हीच लावणी चिरंजीवांच्या मोबाइलवरही आहे. तिथे पडदा उभा. तोही भरलाच पाहिजे! म्हणून तिथे वर-खाली काही जात नाही, डावी-उजवी बाजू जाते, आणि ती शंभरातले एकोणसाठ भाग. तिथे बाईंना पाय आहेत, बुगडी आहे, हात मात्र दंडापाशी संपतात. पदर धरलेला हात नाही, ढोलकीवाला नाही, फेटे उडवणारं पब्लिक नाही. बाई एकटीच लिफ्टमध्ये नाचावी तशी नाचते. मी चिरंजीवांचा मोबाइल घेऊन टीव्हीच्या खालच्या कडेला धरून बघितला. हात टीव्हीवर, पाय मोबाइलवर, अशी बाई कशीबशी पुरी झाली. फक्त टीव्हीवर अंतरा चालला होता आणि पाय अजून ध्रुवपदावर होते. साडूंच्या मिसेस, म्हणजे आमची मेहुणी, चहा घेऊन आली. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि साखर कमी घातली असल्याचं सांगितलं.

शेवटी मी रिमोट घेतला आणि झूम काढला. पाय आले. खरंच आले! टाच उचलून, चवडा आपटून जमीन मोजत जाणारे. अर्धं मिनिट आम्ही सगळे बघत राहिलो. चिरंजीवांनी मोबाइल खाली ठेवला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेवढ्यात साडू आंघोळीहून पंचावरच धावत आले, ‘अरे टीव्ही बिघडला! बाजूनं काळं येतंय!’

थिएटरातही पडद्याच्या भोवती काळं कापडच असायचं, साडूसाहेब. १३१ आठवडे, म्हणजे अडीच वर्षं, लोक ते बघत होते. एकानेही डोअरकीपरकडे जाऊन कापडाचे पैसे परत मागितले नाहीत.

आणि साडूंवर तरी किती चिडायचं? ते निदान झूम काढता येण्याजोगा गुन्हा करतात. जुने सिनेमे ‘नव्या झळाळीत’ आणणारे जे कुणी आहेत ते ओरखडे पुसतात, डाग काढतात, गालावरचा तीळ मोजून घ्यावा इतकं चित्र लख्ख करतात आणि मग त्यातले कित्येक जण शांतपणे वरून-खालून कापून आपल्या हाती देतात. तिथे रिमोट काय करणार? कापलंय हे सांगतसुद्धा नाहीत. फोर के म्हणतात! शिंपी कापड चोरतो तेव्हा निदान चिंधी परत देतो. आपल्याकडे एके काळी जुन्या फिल्मा चांदी काढायला वजनावर विकल्या गेल्या. लाज वाटावी अशीच गोष्ट, पण त्या लोकांना निदान चांदी तरी मिळाली. तुम्हाला काय मिळालं? अठ्ठावीस सेंटीमीटर! आणि वर त्याच कापलेल्या बाईला विचारायचं, बाई, तू आज टिकतेस का?

कळफलक जरा जोरात आपटला जातोय, म्हणून थांबतो. तुमच्या रिमोटवर ‘पिक्चर साइज’ नावाची जागा असते. आज रविवार आहे, साडू आंघोळीला गेले असतील. तेवढं बघून घ्या.