पाच मॉड्यूल्स आणि एक डायमेकर : नवशिक्यांसाठी सोपी कृती

कोडिंगचा कोर्स नुकताच संपवून ज्यांना लगेच मोठ्या कंपनीसारखं काहीतरी उभारायचं आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. सरावाला पालघर जिल्ह्यातलं चिंचणी घेऊ. इथे दागिन्यांच्या डाय बनतात : पोलादी ठोकळ्यावर नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर पत्रा दाबून दागिना काढतो. अशा एका डायमेकर शेठना वेब ॲप्लिकेशन हवं आहे. मागणी एवढीच की कुठल्या सोनाराची ऑर्डर आली, कोरीव काम कुठवर आलं आणि पैसे किती यायचे आहेत ते दिसावं. म्हणजे वहीतले तीन रकाने. तेव्हा किमान पाच मॉड्यूल्स हवीतच.

सुरुवात नावांपासून करा. कोअर, कॉमन, इंजिन, प्लॅटफॉर्म, वेब. नाव वाचून आत काय आहे याचा अंदाज कुणालाही येता कामा नये. शेठ विचारतील, "अहो, यात माझी ऑर्डर कुठेय?" त्यांना नम्रपणे सांगा, "शेठ, ती सगळ्यांत आहे." हे खोटं नाही.

आता तुकडे पाडा, पण थरांनी. सगळे स्क्रीन एकात, सगळे नियम दुसऱ्यात, सगळी टेबलं तिसऱ्यात. उद्या शेठनी डायच्या नोंदीत "वजन" हा एक रकाना मागितला की तिन्ही मॉड्यूल्स उघडावी लागतील आणि तुम्ही दिवसभर कामात दिसाल.

डेव्हिड पार्नास नावाच्या गृहस्थांनी 1972 मध्येच याच्या उलट लिहून ठेवलंय. कामाच्या पायऱ्यांप्रमाणे मॉड्यूल पाडू नका. पुढे बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय शोधा आणि तो एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा, असं त्यांचं म्हणणं. लेख जुना आहे, वाचू नका. वाचलात तर चिंचणीत काय काय बदललं ते आठवत बसाल. 31 जुलै 2014 पर्यंत इथला पत्ता "तालुका डहाणू, जिल्हा ठाणे" असा होता. दुसऱ्या दिवशी जिल्हा पालघर झाला. 1 जुलै 2017 ला व्हॅट जाऊन जीएसटी आला. आणि छिन्नीने हातकोरणी करणाऱ्या या धंद्यात कॉम्प्युटरवरची डिझाइनं आणि सीएनसी मशीन शिरलं. पार्नास यांचं ऐकणारा माणूस हे तीन बदल तीन कप्प्यांत कोंडून ठेवेल. पत्ता एकीकडे, कर दुसरीकडे. डाय हाताने कोरली की मशीनने, हे फक्त डायच्या मॉड्यूलला ठाऊक, बाकीच्यांनी "झाली का?" एवढंच विचारायचं. एका सोनाराची नक्षी दुसऱ्याच्या स्क्रीनवर जाऊ नये, ही काळजीही तिथेच.

तुम्ही मात्र "ठाणे" हा शब्द पाचही मॉड्यूल्समध्ये स्वतंत्रपणे टाइप करा. कराचा टक्काही. एका ठिकाणी "टॅक्स" म्हणा, दुसऱ्या ठिकाणी "व्हॅट", म्हणजे शोधूनही सापडणार नाही.

पुढे एक अडचण येईल. ऑर्डरला हिशेब लागतो, हिशेबाला ऑर्डर लागते. जावामध्ये काम करत असाल तर मॅव्हेन हा बांधणी करणारा प्रोग्राम असं एकमेकांत अडकलेलं गाडं बांधायला साफ नकार देतो. खरं तर तो तुमची चूक दाखवतोय, पण यंत्राचं काय ऐकायचं? दोघांतलं सगळं उचलून "कॉमन"मध्ये टाका. मग काहीही कुठे ठेवायचं सुचेना की "कॉमन". सहा महिन्यांत तिथे तारखा, पत्ते, पावत्या, पासवर्ड आणि कुणाचा तरी अर्धवट गेम नांदू लागेल. बाकीची चार मॉड्यूल्स शोभेला.

शेवटी प्रत्येक मॉड्यूल वेगळ्या सर्व्हरवर चढवा, म्हणजे साध्या फंक्शनच्या हाकेलाही नेटवर्क ओलांडावं लागेल. डेटाबेस मात्र एकच ठेवा आणि कुणालाही कुठल्याही टेबलात लिहू द्या. चिंचणीशेजारच्या तारापूर अणुवीज केंद्रात उलटा प्रकार आहे. 1969 पासूनच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 2020 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाल्या, पण त्यांच्यापायी 540 मेगावॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीला थांबावं लागलं नाही. तुमच्या रचनेत हिशेबाचं टेबल अडकलं की पाचही सर्व्हर एकदिलाने बसतील. कुणी सांगेल की 2023 मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका चमूने विखुरलेले भाग पुन्हा एकत्र केल्याचं आणि त्या कामाचा खर्च 90 टक्क्यांनी उतरल्याचं सांगितलं. त्यांच्याकडे असेल वेळ.

एवढं करूनही शेठ वहीच वापरतील. वही चांगली आहे.

आता खरं सांगायचं तर या कामाला एकच ॲप्लिकेशन पुरतं, एकाच सर्व्हरवर. आत तीन कप्पे : ऑर्डर, डाय, हिशेब. एकाने दुसऱ्याच्या टेबलाला हात लावायचा नाही, जे हवं ते दारात उभं राहून मागायचं. वेगळे सर्व्हर लागलेच तर ते नंतर याच भेगांवरून पाडता येतात. तुमच्याकडे आधीच पाच मॉड्यूल्स झाली असतील, तर आज कराचा दर बदलून पाहा आणि किती फायली उघडाव्या लागल्या ते मोजा. एकाहून जास्त निघाल्या, तर नवं मॉड्यूल काढण्याआधी तो दर एकाच जागी आणा.